नहेम्याचा पाचवा अध्याय कोणी वाचणार आहे का?

शनिवारी गावी गेलो होतो. नगर रोडचं ट्रॅफिक, शिक्रापूरचा चौक, तळेगाव ढमढेरे, आणि मग उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे रांगत न्हावरे. पुण्यात आयटीत येऊन सतरा वर्षं झाली, पण आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि रविवारची उपासना या दोन गोष्टींसाठी महिन्यातून एकदा तरी ही वारी होतेच. भाकरी अजून तशीच आहे. उपासनेबद्दल मात्र आज लिहायचंय, आणि जरा तिखट लिहायचंय. ज्यांना झोंबेल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

आमची मंडळी न्हावऱ्यापासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका चर्चचा नाही. (ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी: आमच्यात 'मंडळी' म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद, आणि 'पाळक' म्हणजे पास्टर.) लहानपणी याच चर्चमध्ये पुढच्या सतरंजीवर आम्ही तीसेक पोरं बसायचो. या रविवारी मोजली. मोठी माणसं एकोणीस, पोरं चार, आणि त्यातलं एक पाहुण्यांचं.

पण चर्चला आता नवंकोरं कुंपण आहे! सिमेंटची सहा फुटी भिंत, वर काचा, लोखंडी गेट, गेटशेजारी संगमरवरी पाटी आणि पाटीवर अकरा नावं. आत एकोणीस माणसं, बाहेर अकरा नावं. असं गुणोत्तर मी फक्त आमच्या ऑफिसात बघितलंय, काम करणारे पाच आणि रिव्ह्यू घेणारे नऊ. असो.

त्या दिवशी बाहेरून एक वक्ते आले होते. विषय होता 'नहेम्या: मंडळीच्या पुनर्बांधणीचे सात धडे'. प्रोजेक्टर लावला होता. दूरदृष्टी, नियोजन, टीमवर्क, विरोधकांना तोंड कसं द्यायचं, वेळेचं गणित वगैरे. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत डबेवाल्यांवर असाच एक कार्यक्रम झाला होता. नावं बदलली की तोच. शेवटी वक्ते म्हणाले की नहेम्याने बावन्न दिवसांत भिंत पुरी केली, तुम्हीही केलीत, आता पुढचा टप्पा हॉलचा. टाळ्या. मग दानाची थैली फिरली.

आमचे पाळकसाहेब कडेला उभे होते. डोळे लाल. उपासना संपल्यावर "सलाम" म्हणत हात हातात घेतला तेव्हा कळलं, रात्रभर जागे होते. रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करतात. समितीने सात महिने मानधन दिलेलं नाही. कुंपणात पैसे गेले ना!

घरी येताना आईला विचारलं, "कुणी विचारत नाही का समितीला?" आई म्हणाली, "अरे, देवाच्या कामात हिशोब काय विचारायचा? वाईट दिसतं ते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आठवडाभर गेलं नाही. देवाच्या कामात हिशोब विचारणं वाईट दिसतं, हे आमच्या साध्याभोळ्या माणसांना शिकवलं कुणी? बायबलने तर नक्कीच नाही. मी परत परत वाचून बघितलं.

आता नहेम्याचंच घ्या. गोष्ट थोडक्यात सांगतो. सुमारे इ.स.पूर्व ४४५. यरुशलेम शहर पडून कित्येक वर्षं झालेली, काही लोक परत येऊन राहिलेले, पण तट पडका आणि वेशी जळालेल्या. नहेम्या तिकडे लांब, इराणच्या राजाचा प्यालेबरदार. चांगली नोकरी, सुखात आहे. म्हणजे आजच्या भाषेत एनआरआय. गावाची हालत ऐकून तो रडतो, राजाची परवानगी काढतो, सुभेदार म्हणून येतो आणि तट बांधून घेतो. पुस्तकाचे अध्याय तेरा. वक्त्यांचे सात धडे पहिल्या सहा अध्यायांतले होते. मी मोबाइलवर बायबल उघडून टिचक्या मारत होतो. पहिला आला, दुसरा आला, तिसरा, चौथा... आणि एकदम सहावा! पाचवा गायब. नजरचूक असेल म्हणून नंतर यूट्यूबवर अशीच चार-पाच प्रवचनं ऐकली. बहुतेक ठिकाणी तीच उडी.

काय आहे या पाचव्या अध्यायात?

काम ऐन रंगात आलेलं असताना गोरगरीब माणसं आणि त्यांच्या बायका आरडाओरडा करत येतात. तक्रार शत्रूंबद्दल नाही, आपल्याच भाऊबंदांबद्दल. दुष्काळात पोटासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. आता पोरी दासी म्हणून जाताहेत, आणि सावकार कोण? आपलेच सरदार, आपलेच अधिकारी. म्हणजे दिवसा तटाच्या कामावर 'आपण सारे एक', आणि संध्याकाळी सातबारा ज्याच्या घशात तोही आपलाच.

नहेम्या काय करतो? 'आधी तट होऊ द्या, मग बघू' असं म्हणत नाही. 'प्रार्थना करा' एवढं सांगून वाटेलाही लावत नाही. तो भडकतो. मग मनाशी विचार करतो (हा क्रम मला फार आवडतो, आधी राग, मग विचार, मग कृती) आणि थेट सरदारांना धरतो. बंद खोलीत नाही, जाहीर सभा बोलावून. त्यात कबूल करतो की मी आणि माझी माणसंही लोकांना पैसे आणि धान्य उसने देत आहोत. मग सांगतो की शेतं, मळे, घरं परत करा, आणि शेकडा एक व्याज घेताय तेही परत. ते 'हो' म्हणतात. तेवढ्यावर भागवत नाही, याजकांना बोलावून शपथा घ्यायला लावतो. मिनिट्समध्ये लिहून घेतल्यासारखं!

त्याच अध्यायाच्या शेवटी तो स्वतःचा हिशोब मांडतो. बारा वर्षं सुभेदार होता, पण सुभेदाराला मिळणारा भत्ता एकदाही घेतला नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी घेत. याने जमीन विकत घेतली नाही. रोज दीडशे माणसं पंगतीला, रोज एक बैल आणि सहा मेंढरं कापली जात, तरी लोकांवर बोजा टाकला नाही, कारण लोक आधीच दबलेले होते. आकडे त्याने स्वतः लिहून ठेवलेत. अडीच हजार वर्षांनी मी ते न्हावऱ्यात ओट्यावर बसून वाचू शकतो. आमच्या कुंपणाला किती खर्च आला हे मात्र मला आजही वाचता येत नाही.

माझं म्हणणं एका ओळीत असं आहे: नहेम्याची भिंत बावन्न दिवसांत उभी राहिली ती नियोजनामुळे असेलही, पण टिकली ती पाचव्या अध्यायामुळे. ज्याला मंडळी पुन्हा उभी करायचीय त्याने आधी वही उघडावी. वही बंद ठेवून जे बांधाल ते कुंपणच होईल, मंडळी नाही.

आता आक्षेप. समितीतल्या एका आप्पांशी रविवारीच बोलणं झालं. माणूस वाईट नाही, लहानपणी त्यांनीच मला सायकल शिकवली. ते म्हणाले, "बाळा, दिवस कसले आलेत बघतोस ना? बाहेरचे टपून बसलेत. आपल्यावर कधी काय आळ घेतील सांगता येत नाही. अशा वेळी घरातलं धुणं बाहेर काढायचं का?"

भीती खोटी नाही. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण बघा गंमत, हाच आक्षेप नहेम्याच्या वेळीही लागू होता. चौथा अध्याय संपूर्ण शत्रूंबद्दल आहे. सनबल्लट आणि तोबीया टपून बसलेत, लोक एका हाताने काम करताहेत आणि दुसऱ्या हातात हत्यार आहे. आणि लगेच पुढे पाचवा! बाहेर शत्रू उभा असताना हा माणूस आत जाहीर सभा लावतो. सरदारांना तो जे विचारतो त्याचा मथितार्थ असा की, शत्रू नावं ठेवताहेत म्हणूनच तर तुम्ही देवाला भिऊन वागायला हवं. आप्पांच्या तर्काच्या बरोबर उलटा तर्क. बाहेरचे बघताहेत म्हणून झाका असं नाही, बाहेरचे बघताहेत म्हणून स्वच्छ करा. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबपत्रकं वेळेवर गेलेली, ट्रस्टी बदलल्यावर चेंज रिपोर्ट भरलेला, ऑडिट झालेलं, हे खरं कुंपण. काचा लावलेल्या भिंतीने नोटीस अडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त आध्यात्मिक असतो. 'देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये.' हे वाक्य आपल्याकडे इतकं वापरलं जातं की जणू दहा आज्ञांमधली अकरावी! दावीद राजाचा दाखला देतात. शौल राजा जिवावर उठलेला असताना गुहेत सापडला, तरी दावीदाने त्याला मारलं नाही. बरोबर. पण गोष्ट तिथे संपते का? दावीदाने शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला. मग गुहेबाहेर येऊन, सगळ्या सैन्यादेखत, तो तुकडा हातात धरून शौलाला जाब विचारला. म्हणजे हात लावला नाही, पण पुरावा ठेवला आणि प्रश्न जाहीर विचारला. आम्हीही तेवढंच मागतोय हो. कुणाला मारायचं नाही, फक्त काठ दाखवायचाय. आणि हाच दावीद पुढे राजा झाल्यावर चुकला, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर 'तो माणूस तूच' असं ठणकावून आला. दावीदाने त्याला समितीतून काढलं नाही.

शमुवेलाचं उदाहरण तर प्रत्येक चर्चच्या वार्षिक सभेआधी वाचायला हवं. म्हातारा झाला, केस पिकले, कारभार राजाच्या हाती द्यायची वेळ आली. सगळ्या लोकांना गोळा करून उभा राहिला आणि म्हणाला की सांगा, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला फसवलं, कुणाकडून लाच खाल्ली? असेल तर परत करतो. लोक म्हणाले, काही नाही. हे आहे निवृत्तीचं भाषण! आमच्याकडे मुदत संपल्यावर शाल, श्रीफळ आणि फोटो असतो. शमुवेलाला शाल नको होती, ना-हरकत दाखला हवा होता.

पण शमुवेलाचीही एक चूक बायबलने लपवलेली नाही. त्याने आपल्या दोन मुलांना न्यायाधीश करून टाकलं आणि ती लाच खाऊ लागली. ज्याने स्वतः एली याजकाच्या बिघडलेल्या पोरांमुळे घराणं बुडताना बघितलं, त्यानेच तेच केलं. इतका सरळ माणूस, आणि मुलांच्या बाबतीत आंधळा. म्हणून मला खुर्ची बापाकडून पोराकडे जाणाऱ्या मंडळ्यांची धास्ती वाटते, माणसं कितीही भली असोत. व्यक्ती चांगली आहे म्हणून पद्धत नको, हा युक्तिवाद शमुवेलाच्या घरातच फसलाय.

आता एक नाजूक विषय. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. या पट्ट्यातल्या बहुतेक जुन्या ख्रिस्ती घरांची हीच कथा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला (आता अहिल्यानगर) काम सुरू केलं, शिरूर म्हणजे घोडनदी हे त्यांचं जुनं ठाणं. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड विन्सर साहेबांनी शिरूरला औद्योगिक शाळा चालवली, मुंबईच्या सर दिनशा माणकजी पेटिटांच्या नावाची. आमच्या माणसांना सुतारकाम, अक्षरं आणि ताठ मान असं तिन्ही एका वेळी मिळालं. पुढे मिशनरी गेले, कंपाऊंडं राहिली. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बऱ्याच मंडळ्या त्यात आल्या. आणि हळूहळू मंडळीपेक्षा मिळकतीची चर्चा जास्त होऊ लागली. कुणी ट्रस्टी, कुणाची सही, कुणाचा स्टे.

गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या पणतवंडांनी स्वतःभोवती काचा लावलेलं कुस बांधावं, याचं मला त्या रविवारी फार वाईट वाटलं.

आणि आत काय? 'ख्रिस्तात जात नाही' म्हणतात. तत्त्वात नाही, मान्य. समितीच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री कुठल्या घरात बैठका बसतात ते बघा, मग बोलू. इथे प्रेषितांच्या कृत्यांमधला सहावा अध्याय कामी येतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत भांडण लागलं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी तक्रार आली. प्रेषितांनी 'गट पाडू नका' असं दटावलं नाही. त्यांनी मंडळीला सांगितलं, तुमच्यातले सात विश्वासू लोक निवडा, वाटप त्यांच्याकडे. निवडून आलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही ग्रीक नावं! म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हातात किल्ल्या. पुढे लगेच लिहिलंय की शिष्यांची संख्या फार वाढली. संख्या वाढवायची शिबिरं भरवणाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा. आधी वाटप सुधारलं, मग संख्या वाढली.

पौलाचंही तेच. यरुशलेमच्या गरिबांसाठी मोठी वर्गणी गोळा केली, पण ती एकट्याच्या पिशवीत घातली नाही. तीताबरोबर आणखी दोन भाऊ धाडले, त्यातला एक मंडळ्यांनीच निवडलेला, आणि स्पष्ट लिहिलं की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून ही काळजी. प्रेषित पौलाला 'टू फॅक्टर' लागतं, आणि आमच्या खजिनदारांना लागत नाही. :-)

वाचकांतले काही म्हणतील, हे सगळं बायबलमधलं झालं, मराठी मातीत असं कुणी केलंय का? केलंय, आणि फार लांबही नाही. न्हावऱ्याहून चौफुल्याचा रस्ता धरा, भीमा ओलांडा, केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. संजीवन सभांमध्ये केडगावचं नाव निघतंच, १९०५ साली तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं त्यासाठी. 'प्रभू, १९०५ पुन्हा दे' अशा प्रार्थना मी लहानपणापासून ऐकतोय. मलाही ते हवंय. पण १९०५ च्या आधी काय झालं ते कुणी सांगत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या. दीड-दोन हजारांपर्यंत संख्या गेली. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, तेलाचा घाणा, माग, छापखाना चालवला. ज्या मुलींना समाजाने टाकलं होतं त्यांच्या हातात खिळे जुळवायचं काम दिलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते तिथेच, त्या बायकांच्या हातून छापलं गेलं. रमाबाई १९२२ साली वारल्या, पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. आधी विहीर, मग संजीवन. आम्हाला संजीवन हवंय, विहीर खणायला नको.

दुसरं नाव रेव्हरंड टिळकांचं. नारायण वामन टिळक. १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला मिशनचं काम केलं, 'ज्ञानोदय'शी जोडलेले राहिले. त्यांची गाणी नसती तर आमची उपासना अर्धी मुकी झाली असती. १९१७ साली या माणसाने मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले, आणि दरबार फार वाढला नाही. यश-अपयशाचा हिशोब बाजूला ठेवा. सांगायचं एवढंच की भत्ता सोडणारा नहेम्या मराठीतही होऊन गेलाय. लक्ष्मीबाईंनी या सगळ्याची घरात काय किंमत मोजली ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. ते वाचलं की त्यागाबद्दल सोपं बोलवत नाही.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणी माझा लेख पाळकांच्या तोंडावर फेकेल. पगार सोडा हे पाळकांना सांगायचं नाहीये. सत्ता ज्याच्या हाती त्याने सोडायचं असतं, सात महिने मानधन थकलेल्याने नाही. नहेम्याचा तेरावा अध्याय यासाठीच आहे. नहेम्या मध्ये राजाकडे गेला आणि परत आला, तर काय बघतो? मंदिराच्या कोठारातली मोठी खोली मुख्य याजकाने तोबीयाला, म्हणजे जुन्या विरोधकाला, नातेसंबंधांपायी राहायला दिलेली. आणि मंदिरात सेवा करणारे लेवी गायब! त्यांचा वाटा न मिळाल्याने ते आपापल्या शेतावर पोटासाठी निघून गेलेले. हे वाचताना मला रांजणगावची रात्रपाळी आठवली. नहेम्याने काय केलं? तोबीयाचं सामान बाहेर फेकलं. लेव्यांना परत बोलावलं. अधिकाऱ्यांना विचारलं की मंदिर असं का टाकून दिलं. आणि कोठारावर एक नाही, चार माणसं नेमली, एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि एक मदतनीस. निकष? विश्वासू म्हणून नावाजलेले. झालं. याला सॉफ्टवेअरमध्ये काय म्हणतात ते आमच्या लोकांना माहीत आहे.

आता माझी पाळी. पहिल्या अध्यायात नहेम्या प्रार्थना करतो तेव्हा 'त्यांनी पाप केलं' म्हणत नाही, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने केलं म्हणतो. तेव्हा मीही लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी मला हिशोब तपासायला समितीत या म्हणून बोलावलं होतं. मी म्हणालो, वेळ नाही. तेव्हा नहेम्या आठवला नाही. पुण्यात एसी चर्चमध्ये जातो, गिटार, स्क्रीनवर गाण्याचे शब्द, उपासनेनंतर कॉफी. गावच्या मंडळीला सणाला पाच हजार मोबाइलवरून पाठवतो आणि मोकळा होतो. ते पाच हजार कुठे गेले, कधी विचारलं नाही. आईला 'कुणी विचारत नाही का' असं विचारताना त्या 'कुणी'त मी होतो. तकोवा गावची साधी माणसं तटाच्या कामाला आली, पण त्यांच्या सरदारांनी खांदा लावला नाही, असं तिसऱ्या अध्यायात नोंदवलंय. ती ओळ वाचून मी मोबाइल खाली ठेवला.

आपल्याकडचा साधा ऊस उत्पादक बघा. कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवालाच्या पानावर बोट ठेवून उभा राहतो, "साहेब, हा आकडा कळला नाही." दूध सोसायटीत फॅटवरून भांडतो. ग्रामसभेत रस्त्याचं बिल मागतो. तोच माणूस रविवारी चर्चमध्ये येतो आणि देवाच्या नावाने गप्प बसतो. देव काय कारखान्यापेक्षा कच्चा हिशोब चालवून घेतो?

माझ्या मागण्या चारच. एक, जमा-खर्च दर महिन्याला चर्चच्या दारावर लावा, संगमरवरी पाटीच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत. दोन, पाळकांचं मानधन पहिलं, बांधकाम नंतर. तीन, खजिना एकाच्या हाती नको, आणि ज्या गटाची तक्रार त्याचा माणूस त्यात हवाच. चार, मुदत संपली की शमुवेलासारखं उभं राहून विचारायचं, मग शाल. याला ना परदेशी देणगी लागते, ना प्रोजेक्टर. शंभर पानी वही लागते.

रविवारी निघताना आप्पांना फोन केला. म्हटलं, "आप्पा, हिशोब तपासायला मी येतो. महिन्याचा दुसरा रविवार माझा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ये की. पण वह्या कुठे आहेत ते आधी शोधावं लागेल."

शोधू. नहेम्यानेही आधी रात्री मोजकीच माणसं बरोबर घेऊन पडक्या तटाभोवती फेरी मारली होती, कुणाला न सांगता, किती पडलंय ते बघायला. दुसऱ्या रविवारी वही सापडली की नाही ते कळवतो. आणि तुमच्या मंडळीतला, देवळातला, मशिदीतला किंवा सोसायटीतला पाचवा अध्याय कुणी वाचतंय का, तेही सांगा. हा रोग फक्त आमचाच आहे, एवढा मी भाबडा नाही.